वापरून फेकलेली वस्तू कुणाच्या हाती जाते?

दरवर्षी ५ जून जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पर्यावरणाचा हंगाम सुरू होतो. बांबूचा टूथब्रश घ्या, तांब्याच्या बाटलीतून पाणी प्या, सेंद्रिय साबण लावा, विजेवर चालणारी मोटार घ्या, असे सल्ले छापून येतात. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने आणखी काहीतरी विकत घ्यावे आणि पृथ्वी वाचवल्याचे पुण्य पदरात पाडून घ्यावे, असा हा मामला! ते वाचून आपल्या वस्तीतला माणूस म्हणतो, 'हे आपले काम नव्हे. पोट भरलेल्यांची हौस आहे ही.' त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण त्याचा निष्कर्ष आपल्या समाजाला परवडणारा नाही.

का परवडणारा नाही? कारण शहराने फेकलेली वस्तू हवेत विरून जात नाही. ती कुणाच्या तरी हाती जाते, कुणाच्या तरी दारात साठते. आणि तो हात, ते दार बहुतेक वेळा आपल्याच माणसांचे असते. जातिव्यवस्थेने घाण करणाऱ्याला शुद्ध आणि घाण उचलणाऱ्याला अशुद्ध ठरवले. आज घंटागाडीवर, गटारात आणि कचऱ्याच्या डोंगरावर कोण दिसते ते पाहावे, म्हणजे ती व्यवस्था अजून किती शिल्लक आहे ते कळेल. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच १९२७ सालापासून मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली, धूर उच्चभ्रूंच्या इमारतींपर्यंत पोचला, तेव्हा कुठे प्रस्थापित वर्तमानपत्रांना देवनार दिसले. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीतील दलित-मुस्लिम कष्टकरी मात्र तो धूर वर्षानुवर्षे छातीत भरून घेत आले होते.

म्हणून घरात कोणतीही वस्तू आणताना आणि टाकताना आंबेडकरी माणसाने एकच प्रश्न विचारावा. ही वस्तू वापरून झाल्यावर कुणाच्या हाती जाणार आहे? हा प्रश्न विचारला की पर्यावरणाच्या पुरवणीतले निम्मे सल्ले गळून पडतात आणि जे उरतात ते आपल्या जिव्हाळ्याचे ठरतात.

पहिली गोष्ट ओल्या आणि सुक्या कचऱ्याची. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. आपण काय करतो? उष्टे अन्न, फुटलेली काच, औषधांच्या पट्ट्या, दाढीचे पाते, सगळे एकाच पिशवीत कोंबून गाठ मारतो. ती गाठ पुढे कुणीतरी हाताने सोडते. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. त्यांनी ओळखपत्र मिळवले, संघटना केली आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभारून पालिकेशी करार केला. कचरा वेचणे ही लाचारी नसून शहरासाठी केलेले काम आहे, हे या बायांनी मान्य करायला लावले. घरात दोन डबे ठेवायला पैसा लागत नाही. जुना पत्र्याचा डबा आणि एक गोणपाट पुरते. काच आणि पाते कागदात गुंडाळून वेगळे द्यावे. एवढ्याने एका बाईचा हात कापण्यापासून वाचतो आणि तिला सुका माल कोरडा मिळून भाव चांगला येतो.

दुसरी गोष्ट गटाराची. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसे मरत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. भरपाई वाढवावी लागते याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. याला जबाबदार ठेकेदार आणि पालिका आहेत, यात शंका नाही. पण गटार तुंबते कशाने? संडासात टाकलेले सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, ओले वाइप्स, मोरीत ओतलेले तळणीचे तेल आणि त्यावर साचलेला गाळ. ओले वाइप्स पाण्यात विरघळत नाहीत. तेल थंड झाले की नळीच्या आतून चिकटून बसते. ज्याला गटारात उतरणाऱ्याच्या मरणाची चीड आहे त्याने आपल्या संडासात पाणी आणि मैला याशिवाय काही जाऊ देऊ नये. उरलेले तेल रद्दीच्या कागदाने पुसून घ्यावे आणि मग भांडे धुवावे.

तिसरी गोष्ट बोलायला आपण लाजतो, म्हणून ती स्पष्ट बोलली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या सॅनिटरी पॅडचा बहुतेक भाग प्लॅस्टिकचा असतो. ते कुजत नाही आणि उघडे टाकले तर कचरा वेचणाऱ्या स्त्रीला दुसऱ्या स्त्रीचे रक्त हाताने वेगळे करावे लागते. पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी २०१३ मध्ये वापरलेले पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. असे धाडस विद्यापीठातल्या चर्चासत्रांनी दाखवले नाही! पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल शाईने ठिपका काढला की न उघडता कळते. हे तर प्रत्येक घरात होऊ शकते. जिच्या घरी पाणी आणि आडोसा आहे तिने कापडी पॅड किंवा मासिक पाळीचा कप वापरून पाहावा. तो कप नीट वापरला तर अनेक वर्षे टिकतो. पण जिथे सार्वजनिक नळावर पाण्यासाठी रांग लागते, जिथे कापड उन्हात वाळवायला दोरी बांधण्याइतकी जागा नाही, तिथल्या भगिनीला कापडाचा उपदेश करणे हा अन्याय आहे. तिच्यासाठी आधी पाणी मागितले पाहिजे.

शॅम्पूच्या पुडीचेही तसेच. रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हातात एकदम शंभर रुपये नसतात, म्हणून कंपन्यांनी एक-दोन रुपयांची पुडी काढली आणि गरिबीचा बाजार केला. त्या पुडीत प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. भंगारवाला ती घेत नाही, म्हणून कचरा वेचणारीही ती उचलत नाही. ती नाल्यात जाते आणि पावसाळ्यात नाला आपल्याच घरात शिरतो. अंघोळीची आणि कपड्याची साबणाची वडी कागदी वेष्टनात मिळते. महिला बचत गटाने शॅम्पू, तेल मोठ्या डब्यात घेऊन आपसात वाटून घेतले तर ते स्वस्तही पडते.

आता काही विद्वान म्हणतील, मग जुन्या काळाकडेच चला की! चूल, राखुंडी, मातीची भांडी, स्वयंपूर्ण खेडे! इथे आपण सावध असले पाहिजे. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खडसावले होते. त्या जुन्या खेड्यात आपल्यासाठी पाणवठा वेगळा होता आणि वस्ती गावकुसाबाहेर होती. चुलीच्या धुराने आपल्या आया-आज्यांच्या डोळ्यांचे आणि छातीचे काय केले ते आपल्याला ठाऊक आहे. आपला मार्ग विज्ञानाचा आहे. डाळ, कडधान्य भिजवून प्रेशर कुकरमध्ये शिजवले तर गॅस वाचतो. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो, तर नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. तो दिवसाला दहा तास चालला तरी महिन्याला तेराच्या आसपास युनिट वाचतात. पंखा महाग आहे, म्हणून जुना बिघडेल तेव्हाच नवा असा घ्यावा. ही वीज चंद्रपूर, कोराडीला कोळसा जाळून तयार होते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती राख भोवतालच्या गावांच्या पाण्यात शिरली. मुंबईतल्या एअर कंडिशनरची राख विदर्भातल्या माणसाने खावी, हा कुठला न्याय?

वस्तू शेवटपर्यंत वापरण्याचा विचार आपल्याला कुणाकडून उसना घ्यायला नको. विनयपिटकात भदंत आनंद आणि कोसंबीचा राजा उदेन यांचा संवाद आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुनी पांघरुणे गादीच्या खोळीला, जुन्या खोळी जमिनीवर अंथरायला, मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला. आणि अगदी चिंध्या झाल्या की मातीत कालवून भिंत-जमीन लिंपायला. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खू संघाने घालून दिलेली ही शिस्त आहे. आपल्या आईने शिवलेली गोधडी तिच्याच नात्यातली आहे.

प्रवासाबाबत तर आपल्या समाजाला उपदेशाची गरजच नाही. तो लोकलने, एसटीने, बेस्टने आणि पायी जातो. पन्नास माणसे नेणारी एक बस आणि एकेका माणसाला नेणाऱ्या पन्नास मोटारी यांत धूर कोण जास्त सोडते, हे शाळेतले पोरही सांगेल. १ जून १९४८ ला सुरू झालेली एसटी हीच महाराष्ट्रातली खरी पर्यावरणपूरक गाडी आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिच्यात निम्मे भाडे झाले, हे चांगले झाले. पण मुंबईत मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये केले गेले. त्याच शहरात २०२४ मध्ये समुद्रकिनाऱ्याने मोटारींसाठी रस्ता झाला, ज्यावर दुचाकीला मज्जाव आहे! तेव्हा आपण बसनेच जावे आणि जास्त बस, कमी भाडे यासाठी मोर्चाही काढावा.

शेवटी आपल्या घरचा मुद्दा. १४ एप्रिलला चौकाचौकांत बाबासाहेबांचे फ्लेक्स लागतात आणि खाली पन्नास इच्छुकांचे फोटो असतात. पंधरा दिवसांनी तोच फ्लेक्स फाटून नाल्यात पडतो. ज्या प्रतिमेपुढे आपण नतमस्तक होतो तिची ही विटंबना आपणच करतो. कापडी फलक लावावा, तो पुढच्या वर्षीही चालतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर येतो. त्यानंतर मैदान झाडायला जे सफाई कामगार येतात त्यांत आपलेच भाऊ-बहीण असतात. प्रत्येकाने घरून पाण्याची बाटली, ताट-वाटी आणि पुस्तकांसाठी कापडी पिशवी आणली तर त्यांचे निम्मे काम हलके होईल. भोजनदान करणाऱ्या मंडळांनी थर्माकोलऐवजी स्टीलची ताटे आणि ती धुण्यासाठी तरुणांची पथके ठेवावीत. हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन हे आवाहन आपल्या समाजाने उचलून धरलेच आहे. हेही त्याच मार्गावरचे पाऊल आहे.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. मात्र सरकार आणि कंपन्यांनी आपली जबाबदारी आपल्या दोन डब्यांवर ढकलू नये, यासाठी पालिकेच्या दारात भांडणे सोडायचे नाही. गटारात माणसाऐवजी यंत्र उतरले पाहिजे, सफाई कामगाराला ठेक्याऐवजी कायम नोकरी मिळाली पाहिजे, ही मागणी पहिली. आणि ती मागणी करणाऱ्याच्या घरचा कचरा वेगळा असला पाहिजे. येत्या जयंतीपासून प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात याची सुरुवात व्हावी. जय भीम!