गोराईचे पाळणे पुन्हा फिरतील का?

बोरिवलीत राहणाऱ्याला पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. नॅशनल पार्कातले बिबटे खरंच सोसायटीच्या आवारात येतात का, आणि गोराईचं एस्सेल वर्ल्ड, बंद पडलेला तो पाळण्यांचा पार्क, परत चालू होणार का. पहिल्याला मी 'येतात' एवढंच सांगतो आणि चहा पुढे करतो. दुसऱ्याला आमच्याकडे घरटी एक उत्तर आहे. रिक्षावाल्याचं वेगळं, जेट्टीवर तिकिटं देणाऱ्याचं वेगळं. शिवाय कुणाचा तरी मेहुणा 'आतल्या गोटातला' असतोच, त्याच्याकडे तर तारीखही तयार असते. ती तारीख येते आणि जाते.

एस्सेल वर्ल्ड सुरू झालं 1989 साली. त्याच मालकांचं झी टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती. टूथपेस्टच्या ट्यूब बनवणारे सुभाष चंद्र खाडीपलीकडे गोराईला पाळणे उभारतायत, हे तेव्हा अनेकांना खुळच वाटलं असणार. पाळणा म्हणजे जत्रेतला, एवढंच आपल्याला ठाऊक. तो ट्रकमधून सुटा येतो, चार दिवस कुरकुरत फिरतो आणि पुन्हा ट्रकमध्ये जातो. इथे तो कायमचा रोवला होता, आणि त्यासाठी बोटीत बसून जायचं होतं. जाहिरातीतल्या पोराला घरी परतायचं नसायचं आणि ती जाहिरात पाहून आमच्या घरातल्या पोरांना घरी बसायचं नसायचं. तिकीट मध्यमवर्गाला जड होतं, त्यामुळे बोनस झाला की, नाहीतर शाळेची सहल, नाहीतर कंपनीची पिकनिक. झिपर डिपर, हूला लूप, शॉट अँड ड्रॉप, मॉन्स्टर्स इन द मिस्ट ही नावं ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता त्यांनाही पाठ होती.

1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम हे वॉटरपार्क आलं. 2009 मध्ये त्याच आवाराला लागून विश्व विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. मग गोराईच्या एकाच बोटीत ओरडायला निघालेले आणि दहा दिवस मौन पाळायला निघालेले शेजारी शेजारी बसू लागले. मुंबईशिवाय हे दुसरीकडे कुठे जमलं असतं असं वाटत नाही.

आता त्यातले ओरडणारे कमी झालेत. करोनाच्या काळात सगळंच थांबलं. नंतर वॉटर किंगडम उघडलं, पॅगोडा उघडला, मूळचे पाळणे मात्र काही काळानंतर बंदच झाले.

पाण्याचं उघडतं आणि पाळण्याचं बंद होतं, यामागे साधं यंत्रशास्त्र आहे. घसरगुंडीला हलणारा भाग नसतो. फायबरची नळी, खाली हौद, वर पाणी चढवणारा पंप. पंप बिघडला तर मालाडच्या बाजारात दुसरा मिळतो. पाळण्याचं तसं नाही. त्याला बेअरिंग, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक सील, ब्रेक आणि हे सगळं चालवणारी संगणकीय पेटी लागते. ती पेटी वीस वर्षांपूर्वीची असेल तर तिचे सुटे भाग बनवणारा कारखानाच उरलेला नसतो. वरून खाडीचा वारा. बंद घर लवकर पडतं असं आपली म्हातारी माणसं म्हणायची. पाळण्याला ते दुपटीने लागू पडतं. रोज सकाळी रिकामा फिरवून पाहिला जात होता, वंगण मिळत होतं, रंग मिळत होता, तोवर मीठ बाहेरच राहत होतं. माणूस उठून गेला की ते सांध्यात शिरतं. आणि खरी भीती दिसणाऱ्या गंजाची नसतेच. वेल्डच्या आत केसाएवढी भेग असते, ती डोळ्याला दिसत नाही, अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडते.

त्यामुळे 'जरा रंगरंगोटी केली की झालं' असं म्हणणाऱ्यांनी एक विचार करावा. या पाळण्यावर माणसं बसवायला हरकत नाही, अशी सही कुणीतरी करायची आहे. 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरियाला पाळणा तुटून दोघे गेले. 2024 मध्ये राजकोटच्या गेम झोनच्या आगीत 27 जणांचा, त्यात लहान मुलांचाही, कोळसा झाला. त्यानंतर जुन्या, बंद पडलेल्या यंत्राच्या कागदावर कुठला अभियंता हसतमुखाने सही करील? माझ्या मते जुन्यातले बहुतेक पाळणे भंगाराच्याच लायकीचे उरले असणार. शॉट अँड ड्रॉपवर पुन्हा बसायचं स्वप्न पाहणाऱ्यांची क्षमा मागतो, पण गोराईत काही चालू झालंच तर ते नव्या यंत्रांवर होईल.

नवी यंत्रं म्हणजे पैसा. करमणुकीच्या धंद्यात पैसा कसा अडकतो ते पाहायला खोपोलीपर्यंत जावं. मनमोहन शेट्टींनी 2013 मध्ये इमॅजिका उभं केलं. देखणं, भव्य, परदेशी धाटणीचं. पण कर्ज हजार कोटींच्या घरात गेलं. त्यातच 2017 मध्ये जीएसटी आला तो थेट 28 टक्क्यांचा. जानेवारी 2018 मध्ये तो 18 वर आणला. करोनाने उरलीसुरली कंबर मोडली. शेवटी 2022 मध्ये बँकांनी कर्जावर पाणी सोडलं आणि संगमनेरच्या मालपाणी समूहाने कारभार हाती घेतला. हेच ते गायछाप जर्द्याचे मालपाणी. शिर्डी आणि लोणावळ्याच्या वॉटरपार्कमुळे या धंद्याची नाडी त्यांना आधीपासून ठाऊक होती. आज इमॅजिका चालू आहे. तिथे मालक बदलला, कर्ज उतरलं, पण पाळणे फिरतच होते. ऑपरेटर, फिटर जागेवर होते, शाळांच्या सहलींची नोंदणी होत होती. चालती गाडी विकत घेणारा भेटतो. गोराईत गाडी उभी आहे, आणि एस्सेल समूहाची कर्जं डोईजड झाल्याचं तर सुभाष चंद्र यांनीच जानेवारी 2019 मध्ये उघड पत्र लिहून सांगितलं होतं. त्या समूहाकडून नव्या पाळण्यांसाठी शेकडो कोटी निघतील, असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे.

मग बंद पडलेला पार्क परत उघडतच नाही का? उघडतो. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात केंटकी किंगडम नावाचा पार्क आहे. 2007 मध्ये तिथल्या उंचावरून खाली सोडणाऱ्या मनोऱ्याची, म्हणजे आपल्या शॉट अँड ड्रॉपच्याच जातीच्या पाळण्याची, केबल तुटली आणि 13 वर्षांच्या एका मुलीचे दोन्ही पाय तुटले. चालवणारी कंपनी सिक्स फ्लॅग्ज पुढे दिवाळखोरीत गेली आणि 2010 च्या सुरुवातीला तिने भाडेपट्टाच सोडून दिला. मग चार वर्षं कुलूप. मधे एका शेजारच्या पार्कवाल्या कुटुंबाने हात घातला, नव्या नावासकट योजना जाहीर केली आणि 2012 मध्ये अंग काढून घेतलं. पूर्वी हाच पार्क चालवलेले एड हार्ट मात्र चिकटून राहिले. चार कोटी डॉलरहून जास्त खर्च करून 24 मे 2014 ला त्यांनी दरवाजे उघडले आणि लोक आले. आजही येतात.

चिकाटी, पैसा, जुना अनुभव हे सगळं खरंच. पण मला त्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते जमिनीचं प्रकरण. पार्क राज्य सरकारच्या प्रदर्शन मंडळाच्या मैदानावर होता. तिथे पार्क नाही झाला तर इमले होणार नव्हते. जमिनीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून पाळण्याला गिऱ्हाईक शोधणं भाग पडलं. इंग्लंडमध्ये मार्गेट गावच्या ड्रीमलँडचीही तीच कथा. 1920 सालचा लाकडी रोलर कोस्टर वारसा यादीत होता, तो पाडता येत नव्हता. 2008 मध्ये कुणीतरी त्याला आग लावली, तरी गावकऱ्यांची मोहीम थांबली नाही. अखेर तिथल्या कौन्सिलने सक्तीने जमीन संपादन केली आणि 2015 मध्ये पार्क उघडला. वर्षाच्या आत तो पुन्हा प्रशासकाच्या हाती गेला, हेही सांगायला हवं. उघडणं वेगळं आणि चालवणं वेगळं. तरीही जमीन वाचली होती म्हणून पुढे पुन्हा सावरता आलं.

याच्या उलट आपलं दिल्लीचं अप्पू घर. 1982 च्या आशियाई खेळांच्या हत्तीचं नाव घेऊन 1984 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते सुरू झालेलं, एका पिढीच्या जिवाभावाचं ठिकाण. प्रगती मैदानाशेजारची मोक्याची जागा. 2008 मध्ये बंद झालं आणि जमीन सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराकडे व मेट्रोकडे गेली. पुढे गुरुग्राममध्ये त्या नावाने वॉटरपार्क निघाला. नाव गेलं गुरुग्रामला, जागा गेली कायमची.

गोराई यातल्या कुठल्या बाजूला पडणार? आजवर तिला वाचवलं ते गैरसोयीने. रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा, नाहीतर बोरिवलीची जेट्टी किंवा मार्वे. ओहोटीला बोटीत चढताना साडी सावरणाऱ्या बायकांची तारांबळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल. किनारपट्टीवरच्या बांधकामाला सीआरझेडचे निर्बंध आहेत, कांदळवन आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. या सगळ्यामुळे गोराईत उत्तुंग टॉवर उठले नाहीत. आता मात्र खाडीवरच्या पुलांच्या योजना आहेत, वर्सोव्याहून भाईंदरकडे सागरी रस्ता यायचा आहे. पार्क परत उघडावा म्हणणारे सगळे या पुलांवर डोळे लावून बसलेत. 'एकदा पूल झाला की बघा.' मी तेच बघतोय, आणि मला उलटं दिसतंय. पूल झाला की सहलीची बस थेट दारात जाईल हे खरं. पण त्याच पुलावरून बिल्डरची गाडीही येईल. बोरिवलीपासून दहा मिनिटांवर समुद्रालगतची सलग एकरांची जमीन मोकळी असताना तीवर आकाशपाळणा फिरवत बसणारा मालक शोधून सापडणार नाही. तिकिटावर पैसे मिळवायला वीस वर्षं लागतात, सातबाऱ्यावर एक सही पुरते.

गावकऱ्यांना हे आपल्या आधी कळलं होतं. मनोरी-गोराई-उत्तन पट्ट्यासाठी एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमून पर्यटन विकासाचे आराखडे आले, त्याआधी सेझची, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राची, टूम निघाली. प्रत्येक वेळी या पट्ट्यातले, म्हणजे धारावी बेटातले कोळी, ईस्ट इंडियन, आगरी रस्त्यावर उतरले. (हे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतलं धारावी, झोपडपट्टीचं नव्हे.) त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला नळाला पाणी नाही आणि तुम्ही हॉटेलं कसली आणताय? पाणीटंचाईचं दुखणं त्या गावांना जुनं आहे. एस्सेल वर्ल्डला नवा जन्म द्यायचा असेल तर पाण्याचा हा हिशेब गावाशी आधी मांडावा लागेल. करमणुकीच्या नावाखाली खोल्यांची हॉटेलं आणि बंगले घुसवणार नाही, असंही लिहून द्यावं लागेल.

तर माझा निकाल असा. जुनं एस्सेल वर्ल्ड, तेच पाळणे आणि तीच नावं, परत येणार नाही. त्या जागी एखादा लहान, नव्या यंत्रांचा पार्क येऊ शकतो. शेजारी वॉटर किंगडम चालू असल्याने गिऱ्हाईक, पार्किंग, बोट, माणसं यांची पायाभरणी तयार आहे, आणि मालपाण्यांसारखा कुणी अनुभवी माणूस भाडेपट्ट्यावर उतरला तर गणित बसण्याजोगं आहे. पण ते पूल उघडण्याआधी झालं पाहिजे, आणि त्याहून आधी या जमिनीचा वापर खुल्या करमणुकीसाठीच राहील असं आराखड्यात नोंदवलं गेलं पाहिजे.

आराखड्यावर सरकार हरकती आणि सूचना मागवतं तेव्हा तिथे फक्त गावकरी जातात. लहानपणी तिथे जाऊन आलेले आपण लाखो लोक फेसबुकवर जुने फोटो टाकतो. पुढच्या वेळी जाहिरात निघाली की फोटोबरोबर एक लेखी सूचनाही धाडा; त्यासाठी गोराईचा रहिवासी असावं लागत नाही.