चाकांवरचे बिऱ्हाड

घर कशाला म्हणावे, या प्रश्नाची आमच्या कुटुंबात तीन उत्तरे रूढ आहेत. माझ्या आईच्या मते जिथे देव्हारा ते घर. आमच्या सौभाग्यवतींच्या मते जिथली डाळीची बरणी अंधारातही हाताला लागते ते घर. आणि आमच्या दादांच्या मते, जिथे संध्याकाळी चाकाखाली ठोकळा सरकवला, ते घर!

दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचे पहिले चिरंजीव. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी वडील. हयातभर मिनेसोटात नोकरी केली. त्या प्रांतात हिवाळा म्हणजे काय असतो, हे दादा एका वाक्यात सांगतात : "अरे, तिथं फ्रीज हा पदार्थ गरम ठेवायला वापरतात." २०१६ साली निवृत्त होताच त्यांनी राहते घर विकले, एक दणकट पिकअप ट्रक घेतला, त्याच्यामागे पंचवीस फुटी ट्रेलर जोडला आणि वहिनींना म्हणाले, "चला!" वहिनी निघाल्या. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे आपण शाळेत शिकलो. दादांचे बिऱ्हाड पाठीमागे असते, एवढाच फरक.

अमेरिकेत अशा मंडळींना 'स्नोबर्ड' म्हणतात. शिवडीच्या खाडीत थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी उतरतात ना, तशी ही उत्तरेकडची निवृत्त जोडपी हिवाळा लागला की दक्षिणेकडे उडतात. हा नाद काही आजचा नाही. वॉली बायम नावाच्या एका गृहस्थाने १९३० नंतरच्या दशकात चकचकीत ॲल्युमिनियमचे ट्रेलर बनवायला सुरुवात केली आणि १९५९-६० साली तो ट्रेलरांचा एक तांडाच घेऊन केपटाउनहून थेट कैरोपर्यंत गेला. आणि या नादाने संसारात काय काय होते, त्यावर हॉलिवुडने १९५४ सालीच 'द लाँग, लाँग ट्रेलर' नावाचा बोलपट काढला. त्यातली बाई प्रवासात आवडतील ते दगड गोळा करून ट्रेलरमध्ये लपवते आणि डोंगराचा चढ लागला की नवऱ्याची तारांबळ उडते. वहिनींनी हा बोलपट तीनदा पाहिला आहे आणि त्यातून काहीही बोध घेतलेला नाही. त्यांच्याकडचे दगड मी स्वतः मोजले आहेत. एकेचाळीस.

२०२२ च्या डिसेंबरात नाताळाच्या सुटीला रजा जोडून आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. फिनिक्सच्या विमानतळावर दादा-वहिनी न्यायला आले होते. दादांची पाठ ताठ, आवाज खणखणीत, वय बहात्तर. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींना त्यांनी पाहिलेच नाही. मग मान वळवून म्हणाले, "अरे, तूही आहेस होय!" मी ती थट्टा समजलो. वहिनी हसल्या नाहीत.

फिनिक्समध्ये वहिनींनी हिंदी वाण्याकडे दोन महिन्यांचे सामान भरले. कणीक, तांदूळ, तूरडाळ, पोहे, गूळ. ते सगळे ट्रेलरच्या स्वयंपाकघरात गेले आणि ट्रेलरचे स्वयंपाकघर होते अगदी शेपटाकडे. आता इथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा दहा ते पंधरा भाग पुढच्या दांडीवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या कड्यावर पडावा लागतो. ओझे शेपटाकडे गेले की पुढची दांडी हलकी होते आणि भरधाव वेगात तो ट्रेलर कुत्र्याच्या शेपटासारखा हलू लागतो. दादांना हे ठाऊक नव्हते असे नव्हे. "अहो, कणीक पुढं ठेवू का?" असे वहिनींनी विचारलेही होते. पण त्या दिवशी दादांचे लक्ष नव्हते. शिवाय सांडपाण्याची टाकीही मागेच, आणि ती भरत आलेली.

क्वार्टझाइट नावाचे गाव फिनिक्सच्या पश्चिमेला दोनशे किलोमीटरवर, दहा नंबरच्या हमरस्त्यावर आहे. रस्ता सरळ, दोहो बाजूंना वाळवंट. मी आणि सौभाग्यवती मागच्या बाकावर बसून हात वर केलेले निवडुंग मोजत होतो. तेवढ्यात डाव्या बाजूने एक अजस्र मालट्रक आला. आरशात तो केव्हाचा दिसत होता. मागे बसून मलाही दिसत होता. दादांना तो दिसला तो थेट खांद्याशी आल्यावर. ते दचकले, चाक किंचित उजवीकडे गेले, मालट्रकाच्या वाऱ्याचा धक्का बसला, आणि आमच्या मागचे घर डोलू लागले. प्रथम हळू, मग जोरात. पुढची गाडीही त्याच्याबरोबर हलू लागली. मागे भांडी वाजत होती. सौभाग्यवतींनी माझा हात धरला तो अजून माझ्या स्मरणात आहे, नखांसह.

अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. दाबला की मागचे धूड पुढच्यावर चाल करून येते. फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबायचा असतो आणि त्याचा खटका गाडीच्या फळीवर वेगळा असतो. दादांची दोन्ही हातांची मूठ चाकावर आवळलेली. वहिनींनी शेजारून हात लांब केला आणि अंगठ्याने तो खटका दाबून धरला. "पाय काढा," एवढेच म्हणाल्या. दादांनी पाय काढला. दोनचार झोल गेले आणि घर पुन्हा मुकाट्याने मागे चालू लागले.

पुढचा फाटा येईपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. तिथे दादांनी गाडी थांबवली, उतरले, ट्रेलरभोवती एक प्रदक्षिणा घातली, प्रत्येक टायरवर हात ठेवला. मग परत आले. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. दादांनी उजवीकडचे दार उघडले आणि उभे राहिले. वहिनी काही न बोलता सरकून चालकाच्या जागी गेल्या. त्यांनी पदर खोचावा तसा गळ्यातला मफलर खोचला, आरसे सारखे केले आणि निघाल्या.

दादांना काचबिंदू झाला आहे, हे मला त्या रात्री कळले. या दुखण्याची गंमत (हा शब्द दादांचा) अशी, की समोरचे स्वच्छ दिसते. बाजूची नजर आधी जाते. माणूस पुस्तक वाचू शकतो, पण कुशीतून आलेला मालट्रक त्याला दिसत नाही. ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितले होते, दिवसा मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवा, पण मागे ट्रेलर जोडून नको. दादांनी ते ऐकून घेतले होते. मानले नव्हते. आणि का मानले नव्हते, ते वहिनींनी पोळ्या लाटता लाटता मला सांगितले. "अरे, घर तर विकलेलं. हे ओढता आलं नाही तर जायचं कुठं? मुलीकडं उन्हाळा ठीक आहे. बारा महिने नको म्हणतात. मीही तेच म्हणते."

म्हणजे प्रश्न छंदाचा नव्हता, छपराचा होता.

असो. क्वार्टझाइटच्या दक्षिणेला 'ला पोसा' नावाचे सरकारी माळरान आहे. १९८३ पासून सरकार तिथे हिवाळ्यापुरते राहू देते : १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिने. आम्ही गेलो त्या हिवाळ्यात त्याचा परवाना १८० डॉलरला मिळत होता. रुपयांत हिशेब केला तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास. पुण्यात या भावात डेक्कनवर पायरीसुद्धा मिळायची नाही! वीज नाही, नळ नाही, शेजार मात्र भरपूर. हजारो ट्रेलर, प्रत्येकापुढे दोन खुर्च्या. आणि या खुर्च्यांवरची माणसे एका करमणुकीची वाट पाहत असतात. नवे जोडपे आपला ट्रेलर उलटा लावू लागते, ती करमणूक.

ट्रेलर मागे घेणे ही विद्या उफराटी आहे. चाक डावीकडे फिरवले की ट्रेलर उजवीकडे जातो. बायको मागे उभी राहून हातवारे करते, नवरा आत बसून ते चुकीचे समजतो, आणि पस्तीस वर्षांचा संसार पंधरा मिनिटांत पणाला लागतो. इथे मात्र पाट्या बदलल्या होत्या. वहिनी आत, दादा मागे.

"डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?"

"अगं, आपल्या!"

"आपल्या म्हणजे तुमच्या की माझ्या?"

आसपासच्या खुर्च्या वळल्या. एका म्हाताऱ्याने तर कॉफीचा पेला भरून आणला. शेवटी वहिनींनी काच खाली करून मराठीत बजावले, "तुम्ही फक्त आपटेल तेव्हा ओरडा!" मग त्यांनी चाकाला वरून धरलेला हात खाली आणला. हात चाकाच्या तळाशी धरायचा. मग ट्रेलरचे ढुंगण जिकडे जावेसे वाटते तिकडेच हात न्यायचा. नोव्हेंबरभर एका रिकाम्या मैदानावर, दादा दुपारची झोप घेत असताना, त्यांनी हा अभ्यास केला होता. तिसऱ्या खेपेला पंचवीस फुटी घर दोन झुडपांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. दादांनी वाकून चाकाखाली ठोकळा सरकवला.

वाळवंट म्हणजे ऊन, अशी माझी समजूत रात्री अकराला संपली. पारा शून्याखाली गेला. पहाटे तीनला शेगडीवजा हीटर बंद पडला. गॅस शिल्लक होता. पण गरम हवा फेकणारा पंखा बॅटरीवर चालतो, आणि थंडीने बॅटरीचाही जोम जातो. बाहेरची पाण्याची नळी लाठीसारखी कडक झाली. चार माणसांच्या श्वासाने काचांवरून पाणी ओघळत होते, आणि ते थांबवण्याचा उपाय काय? तर खिडकी उघडणे! सकाळी पाहतो तो दादा एक छोटी गॅसची डबी काखेत धरून बसलेले. चहाच्या चुलीचा गॅस ब्यूटेन. तो उणे अर्ध्या अंशाला वायू व्हायचेच नाकारतो. मोठ्या टाकीतला प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत दम धरतो. पण वहिनी झोपलेल्या, आणि आतली चूल पेटवली तर त्या जागतील म्हणून हा उद्योग. नवरेपणाचा असा नमुना मी साहित्यात फारसा वाचलेला नाही, आणि वाचणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

फोडणीचे तर विचारूच नका. मोहरी तडतडली की छताला लावलेली धुराची घंटा किंचाळे. मग सौभाग्यवती टॉवेल हलवीत घंटेखाली उभ्या, आणि वहिनी हिंग टाकीत. कुकरची शिट्टी झाली तेव्हा शेजारचा म्हातारा गॅस फुटला असे समजून आग विझवायचे नळकांडे घेऊन धावला, आणि वरणभात जेवून गेला. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाल्यावर तो नळकांडे न घेता आला.

सांडपाण्याचे दोन प्रकार असतात. भांडी-अंघोळीचे ते करडे पाणी. उरलेले ते काळे पाणी. दोन्ही टाक्या भरल्या की सरकारी हौदाशी जाऊन रिकाम्या करायच्या. ते काम दादांचे. रबरी मोजे चढवून निघताना म्हणायचे, "निघालो काळ्या पाण्यावर."

तिथून जवळच गावच्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. १८५६ साली अमेरिकी लष्कराने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेल्या उंटवाल्यांपैकी एकाची ही समाधी. उंटांचा प्रयोग फसला, लष्कराने ते वाऱ्यावर सोडले. हा माणूस तिथेच राहिला आणि १९०२ साली वारला. समाधीवर नाव आहे 'हाय जॉली'. हे कसले नाव, म्हणून मी पाटी वाचली, तर मूळ नाव हाजी अली! वरळीच्या समुद्रात उभे आहेत तेच नाव. अपभ्रंशाचे एवढे देखणे उदाहरण मला वर्गात वीस वर्षांत सापडले नव्हते. दादा बराच वेळ त्या उंटाकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, "उंट गेले तरी हा राहिला रे." आणि लगेच, "चल, ऊन उतरलं. परतताना गाडी तीच चालवील."

यंदाच्या गणपतीत वहिनींचा फोन आला. दादांची नजर थेंबांवर टिकून आहे. गेलेली परत येत नाही, पण आहे ती आहे. या हिवाळ्यालाही जायचे ठरले आहे. कणीक आता पुढच्या पलंगाखाली असते. वहिनी चालवतात, दादा शेजारी बसून रस्ता सांगतात, आणि डावे-उजवे यांवरून दोघांचा करार झाला आहे : डावीकडे म्हणायचे नाही, 'डोंगराकडे' किंवा 'गावाकडे' म्हणायचे. मी विचारले, "वहिनी, इथून काही पाठवू का?" तर म्हणाल्या, "कुकरची शिट्टी पाठव रे, जुनी रेतीत हरवली. आणि एक चांगला पाटावरवंटा मिळाला तर—"

मागून दादांचा आवाज आला, "त्याला वजन विचार आधी!"