आकड्यापुढील एकक

आमच्या बारामती-इंदापूर भागातील मुलास ठिबक सिंचनाचे तत्त्व शिकवावे लागत नाही. डाळिंबाच्या मुळाशी थोडे थोडे पाणी सतत पोचले म्हणजे झाड सुखी राहते, आणि तेच पाणी एकदम सोडले की नासाडी होते, हे त्याने घरच्या रानात पाहिलेले असते. काही औषधांचीही हीच रीत आहे. रक्तदाब कोसळलेल्या रोग्याचे नॉरअॅड्रेनॅलिन किंवा मधुमेहाच्या गंभीर अवस्थेतील इन्सुलिन शिरेतून अत्यंत मंद गतीने द्यावे लागते. कमी गेले तर गुण नाही. अधिक गेले तर जीवावर बेतते. घड्याळ समोर ठेवून सलाइनचे थेंब मोजण्याची जुनी रीत येथे पुरी पडत नाही, कारण रोग्याने हात हलविला तरी थेंबांची गती बदलते. या कामासाठी सिरिंज पंप हे यंत्र निघाले.

त्याची रचना शाळेतील मुलास समजण्याजोगी आहे. मोटर आटे असलेला दांडा फिरविते, दांड्यावरची चाकी पुढे सरकते आणि सिरिंजचा दट्ट्या दाबते. सिरिंजचा आतील व्यास २० मिलिमीटर धरला, तर एक मिलिलिटर औषध जाण्यास दट्ट्या सुमारे ३.२ मिलिमीटर सरकावा लागतो. मोटरीच्या एका फेऱ्याचे २०० टप्पे आणि आट्यांचे अंतर एक मिलिमीटर असेल, तर ताशी एक मिलिलिटरसाठी साडेपाच-सहा सेकंदांस एक टप्पा पडतो. हे गणित आमच्या वरच्या वर्गातील कोणीही करील.

मग कठीण ते काय? आमच्या मते, यंत्र हाताळणाऱ्या माणसाचा विचार करणे हे कठीण. याचे उदाहरण विलायतेत घडले. डॉ. मार्टिन राइट यांनी खिशात मावणारा, बॅटरीवर चालणारा असा पंप तयार केला. त्याचे वर्णन १९७९ साली प्रसिद्ध झाले. थॅलसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते व त्यामुळे शरीरात लोह साचते. ते काढणारे औषध तासन्‌तास, हळूहळू त्वचेखाली देता यावे, हा मूळ हेतू होता. पुढे कर्करोगाने जर्जर झालेल्या रोग्यांस वेदनाशामक औषध घरच्या घरी मिळू लागले, तेही याच पंपाने. उपकार मोठा, पण एक उणीव राहिली. पंपाची गती मिलिलिटरांत न सांगता दट्ट्याच्या मिलिमीटरांत सांगितलेली असे. शिवाय दिसण्यास सारखे असे दोन नमुने होते. एकावरचा आकडा दर तासाचा, दुसऱ्यावरचा दर चोवीस तासांचा. दुसऱ्याचा आकडा पहिल्यावर लावला की दिवसभराचे औषध एका तासात शरीरात जाई. अशा चुकांनी रोगी दगावले. शेवटी २०१० साली तेथील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने मिलिमीटरांत मोजणारे पंप पाच वर्षांत काढून टाकावेत असे कळविले. मोटर निर्दोष होती. आकडा मात्र फसवा होता.

'परिचारिकेने नीट पाहावयास नको होते काय?' असे कोणी विचारील. पाहावयास हवे होते, हे खरे. परंतु रात्रपाळीत थकलेला माणूस चुकणारच, असे धरूनच यंत्र घडविले पाहिजे. नळीस पीळ पडून औषध अडले तर यंत्राने लगेच ओरडावे. अडलेली नळी मोकळी करताना साठलेले औषध एकदम आत जाऊ नये. सिरिंज सुटून उंचावर राहिली तर ती आपोआप रिकामी होऊ लागते, म्हणून तिची पकड पक्की असावी. आणि इंदापूरहून पुण्यास न्यावयाच्या रोग्याची वाट सव्वाशे किलोमीटरांहून अधिक आहे. तेवढ्या प्रवासात धक्के सोसून बॅटरी टिकली पाहिजे. थंडगार खोलीत चालणारे यंत्र एवढ्याने 'वाहून नेण्याजोगे' ठरत नाही.

अशी यंत्रे आपल्याकडे घडू शकतात. मुंबईच्या आय.आय.टी.त २०१४ साली वैद्यकीय उपकरणे घडविण्यासाठी 'बेटिक' हे केंद्र निघाले आणि पुण्याचे व नागपूरचे अभियंतेही त्यास जोडले गेले. आमच्या बारामतीस विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. यंत्र शिकणाऱ्याने एक रात्र रोग्याच्या खाटेपाशी काढावी आणि परिचारिकेने त्यास चार गोष्टी सुनवाव्या, एवढीच आमची सूचना आहे. कारखान्यातील यंत्रांवर हात बसलेली आमची मुले हे काम करण्यास असमर्थ नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर बरोबर असूनही पुढे एकक लिहिले नाही म्हणून आम्ही एक गुण कापतो, आणि तुम्ही आम्हांस कठोर म्हणता. तो गुण आम्ही यापुढेही कापणार. वहीतील चुकीस तांबडी शाई पुरते. खाटेपाशी झालेली तीच चूक खोडता येत नाही.