चाकाचा आवाज आणि मालकाचे कान

महामार्गावर मालट्रकखाली माणसे चिरडली गेली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील दोन शब्द ठरलेले असतात : ब्रेक निकामी. वास्तविक या दोन शब्दांपासून चौकशीला प्रारंभ व्हावयास हवा. प्रत्यक्षात ती तेथेच संपते. चालकाला अटक होते, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते आणि पुढील अपघातापर्यंत सारे स्वस्थ बसतात. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे, मुंबई-आग्रा महामार्गावर, ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा बळी गेला. हाच महामार्ग पुढे चांदवडचा राहूड घाट ओलांडून नाशिक शहराच्या मधून जातो आणि इगतपुरीनंतर कसारा घाटाने खाली उतरतो. लासलगाव-पिंपळगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा माल याच उतारावरून मुंबईकडे जातो. तेव्हा ब्रेक 'निकामी होतात' म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न नाशिकच्या कार्यकर्त्यांना परका असू शकत नाही.

पहिली गोष्ट ही की, चाक सहसा अचानक दगा देत नाही. ते आधी बोलते. चाकाच्या हबमध्ये निमुळत्या रोलरांची बेअरिंगे असतात आणि गाडीचा सारा भार त्यांवर तोललेला असतो. ग्रीस आटले, सील फाटून पावसाचे पाणी आत शिरले किंवा नट चुकीचा आवळला गेला, की रोलर आणि त्यांची कडी झिजू लागते. मग वेगाबरोबर वाढणारा, घुमणारा आवाज येऊ लागतो. वळणावर भार एका बाजूला गेला की तो बदलतो. ब्रेकचा आवाज निराळा. पायाने ब्रेक दाबताच जो आवाज उमटतो किंवा पालटतो तो बहुधा ड्रम आणि लायनरचा असतो. लायनर झिजून रिव्हेट उघडे पडले की लोखंड लोखंडावर घासते आणि कर्कश किंकाळी उठते. ब्रेक न दाबताही जी घरघर वेगाबरोबर चढत जाते, तिच्यासाठी प्रथम बेअरिंग आणि टायर पाहावे लागतात.

निदानाला मोठी सामग्री लागत नाही. चाकांना अडण लावून गाडी जॅकवर घ्यावी, चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. ते डुगडुगले तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. हाताने फिरवून खरखर ऐकावी. फेरीनंतर एका चाकाचा हब इतरांहून फार तापलेला आढळला, तर बेअरिंग जळते आहे किंवा ब्रेक सुटत नाही, असे समजावे. आडगावच्या ट्रक टर्मिनलवरील कोणताही जाणता मिस्त्री हे पाऊण तासात सांगू शकतो.

तोच मिस्त्री आणखी एक गोष्ट सांगेल, आणि ती राजकारणातही उपयोगी पडणारी आहे. हे दोन दोष एकमेकांना जन्म देतात. सील फाटले की ग्रीस लायनरवर उतरते, ब्रेकची पकड जाते आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. बेअरिंग सैल झाले की ड्रम डगमगतो आणि लायनर वेडेवाकडे झिजते. उलट, ब्रेक सुटेनासा झाला की ड्रम तापतो, त्या उष्णतेने ग्रीस पातळ होऊन वाहते आणि चांगले बेअरिंगही खलास होते. म्हणून जो केवळ बेअरिंग बदलतो आणि जुने सील तसेच ठेवतो, किंवा लायनर नवे घालतो आणि गळणारा हब उघडत नाही, तो दुरुस्ती करीत नाही. आवाज काही दिवस बंद करतो. आपल्या वाहतूक-धोरणाची तऱ्हा नेमकी हीच आहे.

हा आवाज प्रथम ऐकतो चालक. त्यानंतर ऐकतो क्लीनर. पण गाडी उभी करण्याचा अधिकार या दोघांनाही नाही. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळालेला असतो, तो डिझेल आणि टोलमध्ये जातो. उरलेला माल पोहोचल्यावर मिळावयाचा असतो. कांदा थांबत नाही, द्राक्षे त्याहून थांबत नाहीत. हब उघडावयाचा म्हणजे अर्धा दिवस गेला, फेरी चुकली, व्यापाऱ्याने भाडे कापले. 'एवढी खेप टाकून ये, मग बघू' हे वाक्य ऐकले नाही असा चालक या महामार्गावर विरळाच. जो चालक ऐकत नाही, त्याची जागा घ्यायला दुसरा नाक्यावर उभाच असतो.

काही सद्गृहस्थ म्हणतात, चालकच बेजबाबदार असतात. दाखला म्हणून ते २० नोव्हेंबर २०२२ चा पुण्याच्या नवले पुलाजवळील अपघात पुढे करतात. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तेथील प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, आणि गिअरची रोधकशक्तीही नाही; ही चूक प्राणघातकच होय. तिचे समर्थन कोणी करू नये. पण माणूस असा जुगार का खेळतो? फेरीचे डिझेल मोजून मिळते आणि तूट चालकाच्या माथी मारली जाते, ही या धंद्यातील सर्रास रीत आहे. जेथे लिटरभर डिझेल वाचवण्यावर घरची भाकरी ठरते, तेथे शहाणपणाची प्रवचने पुरी पडत नाहीत.

आता याच घाटाच्या दुसऱ्या वाटेकडे पाहावे. थळ घाटात रेल्वेचा उतार ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे. घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीला ब्रेकची तपासणी होते. ताबा सुटलेली गाडी वळवून घेण्यासाठी घाटात स्वतंत्र मार्ग काढून ठेवलेला आहे. स्थानकावरून धडधडत जाणाऱ्या गाडीकडे रेल्वेचे कर्मचारी नजर लावून उभे असतात. एखादा आस तापलेला दिसला तर गाडी थांबविणे हे त्यांचे कर्तव्य असते, आणि त्यासाठी त्यांची रोजी बुडत नाही. रेल्वेत अपघात होत नाहीत असे नव्हे. पण तेथे तापलेला आस ही सार्वजनिक बाब आहे. शेजारच्याच रस्त्यावर तापलेला हब हे चालकाचे खासगी दुर्दैव ठरते. लोखंड तेच, उतार तोच. फरक आहे तो जबाबदारी कोणाची या उत्तरात.

सरकार म्हणेल, कायदे आहेत. जरूर आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० सदोष वाहन चालविणाऱ्याबरोबरच ते चालवू देणाऱ्यालाही दोषी धरते. दंड किती? पंधराशे रुपये. अपघात होऊन कोणी जखमी झाले, तर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. दुसरीकडे, भारतीय न्याय संहितेने अपघातात मृत्यू घडवून खबर न देता निघून जाणाऱ्या चालकासाठी दहा वर्षांपर्यंतची कैद लिहिली. १ जानेवारी २०२४ रोजी मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंवर टँकरचालकांनी चाके थांबविली ती याच तरतुदीविरुद्ध, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. हे दोन गुन्हे सारखे नाहीत, हे मान्य. जखमीला टाकून पळणे निंद्यच आहे. पण कायद्याची नजर कोठे वळते ते या दोन आकड्यांवरून कळते : चालकाच्या पळण्यावर दशकाची कैद, मालकाच्या बहिरेपणावर एका खेपेच्या चहापाण्याइतका दंड.

तपासणीचेही तसेच. नाशिकला स्वयंचलित तपासणी केंद्र आहे, आणि यंत्राने ब्रेक मोजणे हे नजरेने शिक्का मारण्यापेक्षा शतपटीने बरे. पण योग्यतेचा दाखला आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या गाडीला एका वर्षासाठी मिळतो. लायनर आणि बेअरिंग दाखल्याची तारीख पाहून झिजत नाहीत. त्यात १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने चार टायरांच्या एका आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढविताना त्या भाराची देखभाल कोण करणार, हे कोणी विचारले नाही.

कामगार कायद्यात तर पाऊल मागे पडले आहे. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या उद्योगाला लागू होता. आठ तासांचा दिवस आणि विश्रांतीचा हक्क त्यात होता. त्याची जागा घेणारी सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि ही मर्यादा दहा कामगारांवर गेली. गंभीर धोका मालकाला आणि निरीक्षकाला कळविण्याचा हक्क संहितेत आहे. पण दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडील चालक या मर्यादेच्या बाहेर राहतो, आणि या धंद्यात बहुसंख्य मालक असेच लहान आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हप्त्यावर घेतलेली एकुलती गाडी स्वतः हाकणारा मालक हा शत्रू नव्हे. तोही भाड्याच्या त्याच चरकात पिळला जातो, आणि तो बहुधा आपल्याच जिवाशी खेळत असतो. भाडे पाडणारा बडा व्यापारी, कंपन्यांचे ठेकेदार आणि मधले दलाल यांचे नाव मात्र अपघाताच्या पंचनाम्यात कधीच येत नाही. घाई त्यांची, बचत त्यांची. तुरुंग चालकाचा आणि मरण वाटसरूचे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. चालकाने लेखी तक्रार केल्यावर गाडी न हाकण्याचा आणि त्या दिवसाचे वेतन मिळण्याचा हक्क कायद्यात आला पाहिजे, मग गाडी एक असो की शंभर. 'ब्रेक निकामी' अशी नोंद झालेल्या प्रत्येक प्राणघातक अपघातात हब, ड्रम आणि लायनर उघडून त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि देखभाल टाळणारा मालक व खेपेची घाई लादणारा माल पाठविणारा यांना जबाबदार धरले पाहिजे. कसारा घाट उतरण्यापूर्वी आणि आडगावच्या टर्मिनलवर मोफत सार्वजनिक तपासणीची जागा उभी राहिली पाहिजे. कोट्यवधींचा टोल गोळा करणाऱ्या रस्त्याला जॅक, खड्डा आणि चार मिस्त्री परवडत नाहीत, हे कोणी सांगू नये.

या मागण्या निवेदनाच्या कागदावरून मिळणार नाहीत. नाशिकच्या कार्यकर्त्यांनी टर्मिनलवर जाऊन चालक, क्लीनर आणि मिस्त्री यांना एकत्र बसविले पाहिजे. कोणती गाडी कोणत्या दोषासह, कोणाच्या सांगण्यावरून रस्त्यावर सोडली गेली, याची वही त्यांच्याच हातून लिहिली गेली पाहिजे. चाकाचा आवाज एकटा चालक ऐकतो तोवर तो दाबता येतो. तीनशे चालकांनी तो एकदम मांडला, तर बंद करण्यासाठी हब उघडण्यावाचून गत्यंतर उरणार नाही.