पडणारच आहे, मग जपायचा कशाला?

“दुधाचीच दाढ आहे, आज ना उद्या पडणार, किडली तर काय बिघडले?” हे वाक्य तुम्ही घरी ऐकले असेल. माझ्या मते ते साफ चूक आहे. कसे ते पाहू.

मुरूड किंवा रेवदंड्याच्या बाजारात मासळीच्या टोपलीतली एखादी मुशी पाहा. तिच्या जबड्यात दातांच्या रांगांमागे रांगा असतात. पुढचा दात पडला की मागचा त्याची जागा घेतो, आणि हे जन्मभर चालते. एक दात गेल्याचे मुशीला दुःख नाही.

आता तिथेच घुटमळणारा कुत्रा पाहा. हाड फोडताना तो मान वाकडी करून ते गालाच्या बाजूला नेतो. तिथे वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारखी चालतात. शिवाय तिथे जोरही अधिक मिळतो. श्रीवर्धनची सुपारी फोडताना आपण ती अडकित्त्याच्या खिळीजवळ धरतो, तोच हा तरफेचा नियम! कुत्र्याला उपदाढा १६, शेळीला १२ आणि माणसाला ८.

मात्र दुधाच्या २० दातांत उपदाढ एकही नसते. तिथे ८ दुधाच्या दाढा असतात. त्यांच्या मुळांमध्ये, हिरडीखाली, उपदाढा तयार होत असतात आणि साधारण १० ते १२ व्या वर्षी त्या वर येतात. तोवर दुधाची दाढ त्यांची जागा राखून ठेवते.

ती किडून लवकर काढावी लागली, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेली मागची कायमची दाढ पुढे सरकते. फट अरुंद होते. उपदाढ वाकडी येते किंवा हिरडीतच अडकते. कीड मुळापर्यंत गेली, तर खाली घडणाऱ्या उपदाढेचे कवचही बिघडू शकते. म्हणजे पडणारी दाढ आपले नुकसान आयुष्यभराच्या दातावर ठेवून जाते.

म्हणून मी म्हणतो, रात्री झोपताना दात घासण्याची सवय दुधाच्या दातांपासूनच हवी, आणि किडलेली दाढ दंतवैद्याला वेळीच दाखवायला हवी. मुशीला दात पुन्हा पुन्हा मिळतात. आपल्याला बदली एकदाच.

आज आरशासमोर उभे राहा. सुळ्याच्या मागचे दोन दात पाहा. माथ्यावर बहुधा दोन उंचवटे असतील, तर ती उपदाढ. रुंद आणि अधिक उंचवट्यांची असेल, तर दुधाची दाढ. मग धाकट्या भावंडाचेही तोंड उघडून पाहा, आणि कीड दिसली तर घरी सांगा.