काका संपादक नसेल तर...

'ओळख आहे का कुणाची?' हा प्रश्न आपल्याकडे बालवाडीच्या प्रवेशापासून हॉस्पिटलच्या बेडपर्यंत सगळीकडे विचारला जातो. आणि पीआर, म्हणजे जनसंपर्क, हा तर पोटासाठी ओळखी करायचाच धंदा. त्यामुळे यात शिरू पाहणाऱ्या, पण ज्यांचा काका संपादक नाही अशा पोरापोरींना वाटतं, आपला पत्ता आधीच कट. मग लिंक्डइनवर दिसेल त्याला रिक्वेस्ट पाठवायची आणि जोडला गेला की लगेच 'सर, काही ओपनिंग आहे का?' आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस गच्च भरलाय, पण एकाही क्वेरीला उत्तर येत नाही.

गंमत म्हणजे नोकरी काकामुळेच मिळते, हेही तितकंसं खरं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं, 'ज्याने खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा?' त्याच्या १९७३ च्या निबंधात आकडे आहेत. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे फक्त १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. कारण साधं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच! २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवरच्या प्रयोगांतूनही साधारण हेच निघालं. फार जवळचे नाहीत, अगदी अनोळखीही नाहीत, असे लोक जास्त उपयोगी पडतात.

आता प्रश्न असा, की त्या अर्धवट ओळखीच्या माणसाला आपण आठवायचं कशासाठी?

इथे मला पीटर शँकमन आठवतो. न्यूयॉर्कचा हा पीआरवाला. बातमीदार त्याला विचारायचे, अमुक विषयावर बोलणारं कुणी आहे का? हा शोधून द्यायचा. त्यासाठी त्याने फेसबुकवर ग्रुप काढला, तो पुरेना म्हणून २००८ मध्ये 'हेल्प अ रिपोर्टर आउट' ही मेलिंग लिस्ट. बातमीदारांचे प्रश्न थेट लोकांच्या इनबॉक्समध्ये, फुकट. २०१० मध्ये एका कंपनीने ती विकत घेतली. (पुढे नाव बदललं, २०२४ च्या डिसेंबरात ती बंद पडली, २०२५ मध्ये नव्या मालकाने पुन्हा सुरू केली. असो.) मुद्दा हा, की त्याने आधी मागितलं काहीच नाही, समोरच्याचं अडलेलं काम करून दिलं.

हे आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि लहान गावातून आलेल्याला तर जास्तच. निफाडच्या मुलीला द्राक्षांच्या निर्यातीत नेमकं कुठे अडतं ते ठाऊक असतं, सांगलीच्या मुलाला हळदीचा बाजार. अंधेरीच्या एसी ऑफिसात ते कुणाला माहीत असणार? शेतीमालावर लिहिणारे दोन-तीन बातमीदार निवडा, त्यांच्या सहा महिन्यांच्या बातम्या खरंच वाचा आणि एखाद्या बातमीत राहून गेलेली गोष्ट दोन ओळींत कळवा. खाली बायोडेटा चिकटवू नका, प्लीज! सोबत त्याच विषयावर स्वतःच्या पानावर महिन्यातून दोनदा तरी नीट लिहा. उद्या एजन्सीत 'काही लिहिलेलं दाखव' म्हणाले, तर ते हाताशी असेल. हे सगळं हळू चालतं, सहा महिने कुणी ढुंकूनही बघणार नाही. घरभाडं चालू असताना सहा महिने म्हणजे काय, हे मला कळतं. म्हणून हातातली नोकरी आधी सोडायची नाही.

आणि लिहिताना 'मला वाचतंय कोण' या भ्रमात राहू नका. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका कंपनीतल्या वरिष्ठ पीआर अधिकारी बाईंनी लंडनहून केपटाउनच्या विमानात बसताना आफ्रिका आणि एड्सवर एक भिकार विनोद ट्विट केला. अकरा तासांनी विमान उतरेपर्यंत तो जगभर पोचला होता. नोकरी गेली. बाईंचे फॉलोअर्स होते जेमतेम १७०.