‘हॅलोविन’मधला ऑक्टोबर कुठे गेला?

प्रति,
नॅशनल फिल्म प्रिझर्वेशन बोर्ड,
लायब्ररी ऑफ काँग्रेस, वॉशिंग्टन

सन्माननीय सदस्यहो,


जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोविन’ (१९७८) २००६ साली आपल्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत दाखल झाला. जेमतेम तीन-सव्वातीन लाख डॉलरांत उरकलेल्या खूनपटाला हा मान मिळाला, याचा आम्हा भयपटवेड्यांना कोण आनंद झाला! पण पुढच्याच वर्षी आलेली ब्लू-रे पाहून त्यावर विरजण पडलं. जो सिनेमा आपण जपायला घेतला, तो त्या डिस्कवर धड नव्हता.

गोष्ट घडते इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावात, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी. चित्रीकरण झालं मात्र कॅलिफोर्नियात, साउथ पॅसडीना आणि हॉलीवूड भागात, तेही ऐन वसंतात. झाडं हिरवीगार. म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट संपला की गोळा करायची आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा पसरायची. उरलेला ऑक्टोबर छायालेखक डीन कंडी यांनी रंगांतून उभा केला: दिवसाला पिवळट-तांबूस छटा, रात्रीला थंडगार निळी. १९९९ची डीव्हीडी त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली होती, त्यामुळे हे रंग कसे दिसायला हवेत हे प्रेक्षकांना माहीत होतं.

२००७च्या ब्लू-रेत चित्र अधिक रेखीव आहे, हे मान्य. पण रंग बदलले. दिवसाची हिरवळ टवटवीत झाली आणि रात्रीचा निळा ओसरला. शरद ऋतूचं सोंग उघडं पडलं आणि कॅलिफोर्नियाचा वसंत डोकावू लागला. रंग ‘नैसर्गिक’ करायला जावं, तर या सिनेमात नैसर्गिक काही नव्हतंच. ते सगळं मेहनतीनं रचलेलं होतं.

नायिका लॉरी हुंदके देत भिंतीला टेकून उभी आहे आणि शेजारच्या काळ्याकुट्ट दारातून खुनी मायकेलचा पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो, तो प्रसंग आठवा. कंडी यांनी तिथे डिमरवर एक मंद दिवा किंचित किंचित वाढवत नेला. प्रेक्षकाला मुखवटा नेमका कुठल्या क्षणी दिसावा, हे त्या दिव्यानं ठरवलं. डिस्क बनवणाऱ्यानं अंधार जरा जास्त उजळला तर मुखवटा आधीच दिसणार, जास्त काळवंडला तर उशिरा. दोन्हीकडे दचकणं हुकलं.

२०१३ साली कंडी यांच्या देखरेखीखाली नवी ब्लू-रे निघाली आणि बरीचशी चूक सुधारली. पण दुकानात दोन्ही डिस्क शेजारी ठेवल्या, तर नवख्या गिऱ्हाइकानं कुठली उचलावी? नाव तर तेच. आवाजाचीही तीच गत. मूळ सिनेमा मोनो होता; नंतर त्याची अनेक स्पीकरांसाठी मिश्रणं झाली. ती जरूर द्यावीत, पण मूळ मोनो वगळून नव्हे.

आता मागणी. १९८८च्या ज्या कायद्यानं आपलं मंडळ जन्माला आलं, त्यामागे कृष्णधवल सिनेमे रंगवण्याचा वाद होता. रजिस्ट्रीतल्या सिनेमात असा मूलभूत बदल केला, तर तशी सूचना प्रतीवर छापणं त्या कायद्यानं बंधनकारक केलं होतं. १९९२च्या नूतनीकरणात ती अट गळाली. सक्ती परत आणा, असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या शब्दाला वजन आहे. रजिस्ट्रीतल्या सिनेमाच्या घरगुती प्रतीवर तीन गोष्टी छापाव्यात, अशी शिफारस आपण करावी: प्रत कुठल्या फिल्मवरून उतरवली, रंग कुणी मंजूर केले आणि मूळ ध्वनिपट्टी सोबत आहे की नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूला तीन ओळी मावतात. विशेष दृश्यांच्या जाहिरातीला तिथे याहून जास्त जागा मिळते.

बदल करायला कुणाची ना नाही. फिल्मवरचे ओरखडे काढा, धूळ पुसा, नवं मिश्रण करा. फक्त काय केलंत ते विकण्याआधी सांगा. ‘हॅलोविन’च्या नव्या प्रती निघतच राहणार आणि आम्ही त्या घेतच राहणार. पैसे मोजण्याआधी एवढं कळलं, तरी पुष्कळ झालं.

कळावे,
आपला,
एक भयपटप्रेमी